उटणं कोरडंच का असायचं?

दिवाळी जवळ आली की आमच्या इतवारीत आंबेहळद, नागरमोथा, कपूरकचरी, वाळा यांची खरेदी सुरू होते. त्यात वाळवलेल्या संत्र्याच्या सालींची पूड मिसळली की नागपुरी घरचं उटणं तयार. हल्ली मात्र पेशंट वेगळंच विचारतात: "डॉक्टर, घरी केलेलं कोरफडीचं जेल किती दिवस टिकेल? त्यात केमिकल अजिबात नाही." याचं उत्तर इतिहासात सापडतं.

जुन्या न्हाणीघरातल्या वस्तू आठवा. उटणं, शिकेकाई, रिठे, मुलतानी माती, तिळाचं तेल. सगळं कोरडं, नाहीतर निव्वळ तेल. जंतूंना वाढायला पाणी लागतं. ते इथे नाहीच. उटणं दुधात कालवायचं ते त्या आंघोळीपुरतं. शिकेकाई उकळायची तीही लागेल तेवढीच. पाणी न घालणं हाच तेव्हाचा टिकवण्याचा उपाय होता.

पुढे बाजारात क्रीम आणि लोशन आलं. नागपूरहून मुंबईला गेलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली 'विको' सुरू केली, ती दंतमंजनाच्या पावडरीपासून. हळदीची क्रीम नंतर आली. क्रीममध्ये पाणी आलं की जंतुरोधकाचा प्रश्न येतोच. त्यासाठी पॅराबेन १९२० च्या दशकापासून वापरात आहेत. ही काळजी उगाच नव्हती. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात हाताला लावायच्या क्रीममधून क्लेबसिएला हे जंतू पसरले आणि रुग्णांच्या रक्तात संसर्ग झाला. १९६७ साली ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

म्हणून कोरडं ते निर्धोक, असंही नाही. कोरड्या पुडीत जंतू वाढत नाहीत, पण धनुर्वाताचे बीजाणू जिवंत राहतात. न्यूझीलंडमध्ये १९४० च्या दशकात नाळेवर लावलेल्या टाल्कम पावडरीतून नवजात बाळांना धनुर्वात झाला होता. आपल्याकडे बाळाला पीठ, हळद लावून न्हाऊ घालतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

घरी करताना एवढं पाळा:

• पूड पूर्ण वाळलेली हवी. डबा आणि चमचा कोरडा ठेवा; ओला हात आत घालू नका.
• पाणी, दूध, दही, गुलाबपाणी वापरायच्या वेळीच मिसळा. उरलेलं फेकून द्या.
• कोरफडीचा गर ताजाच वापरा. हळद, कडुनिंब किंवा व्हिटॅमिन ई घातल्याने तो टिकत नाही. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, जंतू मारत नाही.
• वास, रंग बदलला तर टाकाच. पण वास आला नाही म्हणजे जंतू नाहीत, असं समजू नका.
• नाळ, जखम, भाजलेली जागा आणि डोळे यांना यातलं काहीही लावू नका.

मधुमेह असेल किंवा त्वचेला भेगा असतील, तर जास्त जपा. लावल्यानंतर लाली, पू किंवा ताप आला तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा.