मराठी मुलखातील फिरंगी घंटा : ओळख पटविण्याचे काही निकष

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे मंदिर हे वसईच्या मोहिमेचे एक ठळक धार्मिक स्मारक होय. वसई हाती आल्यास देवीचे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी केला आणि विजयानंतर सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकरवी तो फेडला, ही परंपरा सर्वपरिचित आहे. हे स्मारक कोकणातच उभे राहिले. त्याच मोहिमेचे दुसऱ्या प्रकारचे स्मारक मात्र घाट चढून देशावर गेले. ते म्हणजे ख्रिस्ती मंदिरांतील घंटा. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, वाईजवळील मेणवली, भीमाशंकर इत्यादी ठिकाणच्या घंटांविषयी ‘चिमाजी आप्पांनी वसईहून आणलेली घंटा’ हे एकच वाक्य ऐकावयास मिळते. या वाक्यात वस्तुतः तीन विधाने आहेत : घंटा ख्रिस्ती मंदिरातील आहे, ती वसईची आहे, आणि ती आप्पांनी आणली. या तिहींचा पुरावा एकच नव्हे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पहिल्या विधानाचा निर्णय घंटेच्या अंगावरूनच होऊ शकतो. युरोपीय ओतकामात अक्षरे व आकृती साच्यातच योजलेल्या असल्याने त्या पृष्ठभागावर उठून दिसतात. घंटा मंदिरात आल्यावर दात्याचे नाव घातले असल्यास ते बहुधा छिन्नीने कोरलेले, म्हणून खोलगट असते. उठावाचा लेख जन्माचा आणि कोरीव लेख दत्तकविधानाचा, असे म्हणावयास हरकत नाही. मेणवलीच्या घंटेवर बाल येशूला घेतलेल्या मेरीची उठावदार आकृती व १७०७ हे वर्ष असल्याचे सांगतात. अशा घंटेचे मूळ उघडच आहे. ‘पंचधातूची घंटा’ हे वर्णन मात्र पुरावा म्हणून घेऊ नये. युरोपीय घंटेची धातू म्हणजे सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील, अर्थात कांसे होय. ‘पंचधातू’ हा शब्द मूर्तिकलेच्या परिभाषेतून आला आहे.

लेखाच्या भाषेविषयी अधिक सावध राहावे लागते. लॅटिन लेख म्हणजे रोमची घंटा आणि पोर्तुगीज लेख म्हणजे लिस्बनची, असा नियम नाही. लॅटिन ही साऱ्या कॅथलिक जगाची उपासनाभाषा होती. शिवाय वर्षवाचक ‘आन्नो’ हा शब्द एकटाच असेल तर त्यावरून भाषाही ठरत नाही, कारण १९११ च्या लेखनसुधारणेपर्यंत पोर्तुगीजमध्येही हा शब्द दोन ‘न’कारांनीच लिहीत. क्रियापद आढळल्यास निर्णय सुकर होतो. ‘मला अमक्याने घडविले’ या अर्थी ‘फेचित्’ असेल तर लॅटिन, ‘फेझ्’ असेल तर पोर्तुगीज. आय्, एच्, एस् ही तीन अक्षरे म्हणजे येशूच्या ग्रीक नावाचा संक्षेप होय. यांतील मधले अक्षर मुळात ग्रीक ‘एटा’ आहे. जेझुइटांनी हे चिन्ह आपले मानले असले तरी ते केवळ त्यांचेच नव्हते. म्हणून त्यावरून घंटा वसईच्या जेझुइट मठातील ठरत नाही.

दुसरे विधान कालाचे व स्थळाचे आहे. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे वर्ष आहे. वसईचा तह मे १७३९ मध्ये झाला. नारोशंकराचे देऊळ १७४७ मध्ये बांधले गेले. घडण, हस्तांतर आणि प्रतिष्ठापना हे तीन वेगळे प्रसंग आहेत आणि घंटेवरील आकडा केवळ पहिल्याचा साक्षी आहे. १७३९ नंतरचे वर्ष आढळले तर वसईच्या विजयाशी संबंध तुटतो. आधीचे आढळले तर संबंध शक्य होतो, सिद्ध होत नाही. मोहिमेत १७३७ साली ठाणे व १७३९ च्या प्रारंभी माहीम, तारापूर ही ठाणीही मराठ्यांकडे आली होती आणि ख्रिस्ती मंदिरे त्या साऱ्या प्रांतात होती. शिवाय धार्मिक वस्तू केवळ विजेत्यांच्या हातूनच बाहेर पडल्या असेही नाही. वेढ्याच्या काळात पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडून पंधरा हजार रुपयांचे कर्ज घेतले, त्यासाठी चर्चमधील चांदीची उपकरणी तारण ठेवली होती.

तिसरे विधान सर्वांत दुर्बळ आहे. चिमाजी आप्पा डिसेंबर १७४० मध्ये निवर्तले. मेणवलीचा वाडा बांधविणारे नाना फडणीस यांचा जन्मच १७४२ चा. तेव्हा मेणवलीची घंटा वसईची असली तरी ती आप्पांच्या हातून नानांच्या घाटावर आलेली नाही. मध्ये कोणी तरी ती सांभाळली, नेली किंवा दिली असली पाहिजे. लोकस्मृतीने हे मधले हात गाळून सेनापतीचे एकच नाव ठेवले. मोहिमेतून परतलेल्या शिलेदार-सरदारांचा इतिहास नेमका या गाळलेल्या जागेत आहे.

यासाठी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. प्रत्येक घंटेच्या संपूर्ण लेखाचा ठसा, अशुद्धांसह, घ्यावा आणि देवस्थानाच्या कागदांत तिचा उल्लेख कोणत्या शब्दाने होतो ते पाहावे. पेशवाईच्या कागदांत ‘फिरंगी’ म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. पुढे तोच शब्द गोऱ्या माणसास सरसकट लागू झाला. म्हणून ‘फिरंगी घंटा’ या उल्लेखाचे मोल त्या कागदाच्या तारखेवर अवलंबून आहे. एके काळी वस्तीला प्रार्थनेच्या वेळा सांगणारी घंटा आज देवापुढे एकेका भक्ताचे आगमन सांगते. हा पालट नेमका केव्हा व कोणाच्या हातून झाला, हे ठरविल्यावाचून तिला ‘वसईची’ म्हणणे ही परंपरेची नोंद होईल, इतिहासाची नव्हे.