पवित्र भूमीचे प्रारंभीचे मुद्रित नकाशे

जेरुसलेम, बेथलेहेम, नाझरेथ ही क्षेत्रे ज्यात येतात आणि ज्यू, ख्रिस्ती व मुस्लिम अशा तिन्ही धर्मीयांना जो पूज्य आहे, तो भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापासून जॉर्डन नदीच्या खोऱ्यापर्यंतचा प्रदेश ख्रिस्ती परंपरेत 'पवित्र भूमी' म्हणून ओळखला जातो. यूरोपात मुद्रणकला रुजू लागताच ज्या मोजक्या प्रदेशांचे नकाशे छापले गेले, त्यांत याची गणना होते. ल्यूबेक येथे लूकास ब्रांडिसने १४७५ मध्ये छापलेल्या 'रुडिमेंटम नोव्हिटिओरम' या ग्रंथातील काष्ठमुद्रित, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेला, नकाशा यांतील पहिला असून तो तेराव्या शतकातील डोमिनिकन साधू बुर्खार्ट याच्या यात्रावर्णनावर आधारलेला आहे. त्यात पूर्व दिशा वर आहे आणि गावे छोट्या टेकड्यांच्या रूपात दाखवली आहेत. उल्म येथे १४८२ मध्ये निघालेल्या प्राचीन भूगोलज्ञ टॉलेमीच्या 'भूगोला'त 'आधुनिक' म्हणून जोडलेला नकाशाही सुमारे १३२० च्या हस्तलिखित नकाशावरून घेतलेला होता. त्याची आधुनिकता दीडशे वर्षे जुनी होती.

प्रत्यक्ष पाहणीचा अंश आला तो १४८६ मध्ये माइन्त्स येथे प्रसिद्ध झालेल्या बर्नहार्ड फोन ब्रायडेनबाखच्या यात्राग्रंथात. १४८३ च्या यात्रेत त्याने एर्हार्ड रॉइविख या चित्रकाराला सोबत नेले होते. रॉइविखच्या लांबलचक घडीच्या नकाशात दमास्कसपासून अलेक्झांड्रियापर्यंतचा मुलूख समुद्राकडून पाहिल्यासारखा आहे, पण मधले अवाढव्य जेरुसलेम मात्र उलट बाजूच्या ऑलिव्ह डोंगरावरून रेखाटलेले आहे. एकाच कागदावरच्या या दोन विरुद्ध नजरा भूमापनाच्या दृष्टीने दोषास्पद ठरल्या, तरी शहर यात्रेकरूला जसे दिसे तसे त्या दाखवतात.

बायबलमध्ये नकाशा प्रथम आला तो १५२५ मध्ये, झुरिकच्या फ्रोशाउअरने छापलेल्या जुन्या करारात. लूकास क्रानाखच्या नकाशावरून घेतलेले हे चित्र डावे-उजवे उलटे छापले गेले, त्यामुळे भूमध्य समुद्र चक्क पूर्वेला गेला. मूळ रेषा ठशावर उलट्या करून न घेतल्याचा हा परिणाम असावा. पुढे याकोब त्सीग्लरने (१५३२) अक्षांश-रेखांशांचा आधार घेतला, आणि त्याच्या आधारे मर्काटरने १५३७ मध्ये आपला पहिला नकाशा सहा तावांवर काढला.

तरीही सर्वाधिक प्रभाव पडला तो १५९० मध्ये कोलोन येथे निघालेल्या आद्रिखेमच्या ग्रंथाचा. त्यात इस्राएलच्या बारा वंशांचे प्रदेश आखलेले आणि मृत समुद्रात बायबलमधील शापित नगरे जळताना दाखवलेली आहेत. आद्रिखेम या कॅथलिक धर्मगुरूचाच आराखडा अब्राहम बार याकोबने ॲम्स्टरडॅमच्या १६९५ च्या हगादासाठी (वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची पोथी) हिब्रू लिपीत ताम्रपट्टावर कोरला.