घरगुती संगीत सर्व्हरची संचालन प्रणाली

घरगुती संगीत सर्व्हर म्हणजे घरातील ध्वनिमुद्रणांचा संग्रह एका ठिकाणी साठवून तो घरातील नेटवर्कवरून फोन, संगणक अथवा स्पीकरपर्यंत पोहोचवणारा संगणक होय. तो बहुधा मॉनिटर व कीबोर्डाविना दिवसरात्र चालू असतो. त्यामुळे त्याच्या संचालन प्रणालीची, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टमची, निवड रोजच्या कामाच्या संगणकापेक्षा वेगळ्या कसोट्यांवर करावी लागते. आवाजाचा दर्जा ही त्यांपैकी मुख्य कसोटी नव्हे. फ्लॅक स्वरूपातील फाइल कोणताही बदल न करता यूएसबी डॅककडे पाठवल्यास लिनक्स, विंडोज व मॅकओएस या तिन्हींवरून तीच माहिती पोहोचते. खरा फरक पडतो तो फाइलींची नावे, विजेचा खंड, सुरक्षा अद्यतनांची मुदत आणि राखीव प्रती यांबाबत.

संग्रहाचे स्वरूप

सातारा व सांगली जिल्ह्यांना हिंदुस्थानी संगीताची जुनी परंपरा आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले होते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सातारा जिल्ह्यातील औंध येथे दरवर्षी संगीत महोत्सव होतो. अशा भागातील घरगुती संग्रहात विकत घेतलेल्या सीडींबरोबर मैफलींच्या कॅसेटही असू शकतात. सीडी पुन्हा मिळेल, पण एकमेव कॅसेटवरून केलेली फाइल गेली आणि दरम्यान पावसाळी दमटपणाने कॅसेटची फीतही बुरसली, तर ते गाणे कायमचे गेले. म्हणून येथे सोयीपेक्षा टिकाऊपणाला अधिक महत्त्व द्यावे लागते. जागेचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे. सीडी दर्जाच्या एका तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. फ्लॅकमध्ये हा आकार साधारणपणे निम्मा ते दोन-तृतीयांश होतो. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर दोन हजार तासांहून अधिक संगीत मावते.

देवनागरी नावे

मराठी संग्रहात ही अडचण हमखास येते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाइलीचे नाव २५५ चिन्हांपर्यंत चालते. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते व त्यात काना, मात्रा, हलन्त हे सर्व स्वतंत्रपणे मोजले जातात. ‘ज्योत्स्ना’ या एका शब्दाचेच ३० बाइट होतात. परिणामी लिनक्सवर नाव जेमतेम ८५ चिन्हांचे ठेवता येते. गायक, राग, ताल, साथीदार, स्थळ आणि तारीख असे सर्व नावातच लिहिण्याची सवय असल्यास विंडोजवरून नक्कल करताना अशा फाइली मागे राहतात. हा तपशील टॅगमध्ये लिहावा व नाव आखूड ठेवावे.

दुसरी अडचण ‘ऱ’ या अक्षराची. युनिकोडमध्ये ते एका चिन्हाने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. मॅकओएसची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावे दुसऱ्या रूपात साठवत असे. लिनक्स मात्र नावाकडे केवळ बाइटांची मालिका म्हणून पाहते. त्यामुळे ‘कऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर शेजारी दिसतात आणि शोध घेतल्यावर त्यांतील एकच सापडतो. कन्व्हएमव्ही या आज्ञावलीने सर्व नावे एकाच रूपात आणता येतात. हे काम संग्रह सर्व्हरवर चढवतानाच करावे.

वीज व अद्यतने

५० वॅटचा जुना संगणक सतत चालू ठेवल्यास ३० दिवसांत ३६ युनिट वीज लागते, तर ५ वॅटच्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाला ३.६ युनिट पुरतात. वीज अचानक गेल्यास ईएक्सटी४ व एनटीएफएस जर्नलच्या आधारे स्वतःची रचना सावरतात, पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल वाचेलच असे नाही. झेडएफएस पद्धत प्रत्येक भागाची बेरीज-तपासणी ठेवते व नकळत झालेला बिघाड दाखवते. मात्र तो दुरुस्त करण्यासाठी साधारणतः दुसरी डिस्क लागते. रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड वीजखंडात बिघडू शकते, म्हणून संगीत वेगळ्या डिस्कवर असावे.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ची अट आहे. घरात पडून असलेल्या जुन्या संगणकासाठी म्हणूनच डेबियन हा अधिक योग्य पर्याय ठरतो. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला दीर्घ आधारासह सुमारे ५ वर्षे अद्यतने मिळतात आणि त्यावर म्युझिक प्लेअर डेमन किंवा नॅव्हिड्रोम चालते. आज्ञा टंकण्याचा कंटाळा असेल तर व्हॉल्युमिओ किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ब्राउझरमधून हाताळता येते. ट्रूनॅस झेडएफएससह येते, पण एका डिस्कच्या घरगुती संग्रहासाठी ते जडच होते.

राखीव प्रत

लिनक्सच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा आरसिंक या साधनाचा आहे. ते फक्त बदललेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर किंवा दूरच्या संगणकावर पाठवते आणि ठरावीक वेळी आपोआप चालवता येते. कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी सांगलीतील सखल वस्त्या बुडाल्या. अशा ठिकाणी दोन्ही डिस्क एकाच घरात ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवण्यासारखे आहे. दुसरी प्रत पुराच्या पातळीबाहेर, उदाहरणार्थ साताऱ्यातील नातेवाइकांकडे, असावी. ईएक्सटी४ डिस्क विंडोजला थेट वाचता येत नाही. म्हणून ही प्रत एक्सफॅट पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवर ठेवल्यास सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती नसतानाही घरातील इतरांना ती कोणत्याही संगणकाला जोडून उघडता येते.