विनोदी मालिकेचे पाय पाळण्यात दिसतात काय?

दूरचित्रवाणीवर एखादी नवी विनोदी मालिका सुरू झाली, की आपल्या घरोघरी तिच्यावर एक लहानसा खटला चालतो. पहिल्या दिवशी सारे कुटुंब कुतूहलाने जमते. दुसऱ्या दिवशी आजोबा वर्तमानपत्र उघडतात, तिसऱ्या दिवशी मुले उठून जातात, आणि आठवडा संपता संपता "हिच्यात काही राम नाही" असा निकाल लागून मालिका घरातून हद्दपार होते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण या निकालाच्या पाठीशी उभी असते. माणसाच्या पोराविषयी ती कितपत खरी आहे, याबद्दल मला बरीच शंका आहे. कारण माझा सारा जन्म मुले शिकविण्यात गेला आहे. पण तो आजचा विषय नव्हे. दुबळी सुरुवात झालेली विनोदी मालिका पुढे सुधारू शकते काय, आणि सुधारते ती कशाच्या बळावर, एवढेच आज इतिहासाला विचारावयाचे आहे.

प्रथम मालिका ही वस्तू कोणत्या जातीची आहे, ते पाहिले पाहिजे. कादंबरी लिहून पुरी होते, मग वाचकापुढे येते. मालिका मात्र पुरी होण्यापूर्वीच लोकांपुढे येते, व लोकांच्या देखत घडत जाते. असा प्रकार आपणांस अगदीच नवखा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याचे चारच अंक तयार होते. 'सौभद्रा'चेही तसेच. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी त्याचे पहिले तीन अंक झाले आणि संपूर्ण नाटक १८८३ च्या मार्च महिन्यात उभे राहिले. मराठी रंगभूमीची ही दोन लेणी अपुरी असतानाच प्रेक्षकांसमोर आली होती. अपुरेपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे, हे खरे. तथापि, लोकांसमोर येणारी प्रत्येक कृती पहिल्याच दिवशी सर्वांगांनी सिद्ध असली पाहिजे, असा दंडक आपल्या पूर्वजांनी घातला नव्हता, एवढे यावरून दिसते.

खरोखरीच ओबडधोबड सुरुवात पाहावयाची असेल, तर आणखी मागे, आणि आम्हां कोल्हापूरकरांच्या शेजारीच, सांगलीस गेले पाहिजे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तेथे 'सीतास्वयंवर' सादर केले. सूत्रधाराने पद्यातून कथा गायची आणि पात्रांनी आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे, अशी त्या खेळांची रीत होती. राक्षसांच्या आरडाओरड्यामुळे पुढच्या पिढीतील सुशिक्षितांनी या नाटकांना 'अललडुर्र' असे थट्टेचे नावही दिले. परंतु या नवजात कलेला सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता, म्हणून ती पहिली काही वर्षे जगली. १८५१ साली ते निवर्तल्यावर दरबारचा आधार तुटला, तेव्हा मंडळी गावोगाव फिरू लागली, आणि १८५३ साली मुंबईत तिने तिकीट लावून प्रयोग केले. 'सीतास्वयंवर' ते 'शाकुंतल' हे अंतर ३७ वर्षांचे आहे. पहिल्या खेळावरूनच कोणी निकाल देऊन मोकळा झाला असता, तर हे अंतर तोडण्याची संधीच त्या कलेला मिळाली नसती.

आता चित्रपटाकडे वळू. येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात येतो आणि त्याचे उदाहरण कोल्हापुरातच सापडते. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर व पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली येथे हंस पिक्चर्स ही संस्था काढली. १९३८ साली या संस्थेचा 'ज्वाला' हा बोलपट चंद्रमोहनसारखा नट असूनही पडला, आणि त्याच साली आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला 'ब्रह्मचारी' हा विनोदी बोलपट तुफान चालला. अपयश पचवून संस्था उभी राहिली, यात शंका नाही. पण 'ज्वाला' काही सुधारला नाही. चित्रपट एकदा पडद्यावर आला, की त्यात बदल करण्याची सोय उरत नाही. तेथे कर्ता सुधारतो, कृती सुधारत नाही. मालिकेचे तसे नाही. तिचा पहिला भाग फसला, तरी दहावा भाग अजून लिहावयाचा असतो, आणि ज्यांनी पहिला भाग फसविला त्यांच्याच हातून तो चांगला उतरण्याचा संभव असतो.

याच मास्टर विनायकांनी १९४० साली 'लग्न पहावे करून' या बोलपटात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आणले. दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले व विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९४२ च्या 'सरकारी पाहुणे' मध्ये हीच जोडी पुन्हा दिसली. पुढे मुंबई दूरदर्शनने १९७० नंतरच्या दशकात या कथांची मालिका केली, तेव्हा दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी या भूमिका केल्या. बडोद्यास पाली भाषा शिकविणाऱ्या एका विद्वान गृहस्थाने निर्मिलेली ही दोन माणसे कागदावरून बोलपटात व बोलपटातून घरच्या पडद्यावर आली, आणि तिन्ही ठिकाणी लोकांनी त्यांना आपले मानले. हे कशामुळे झाले? चिमणराव भित्रा आणि गुंड्याभाऊ धट्टाकट्टा व धाडसी. एकाचा स्वभाव दुसऱ्याच्या स्वभावावर घासला, की हशाची ठिणगी उडालीच पाहिजे. प्रसंग लग्नाचा असो, प्रवासाचा असो, की दारी आलेल्या पाहुण्याचा असो.

माझ्या मते विनोदी मालिकेचे मर्म येथे आहे. कोटीचे हसू तत्काळ येते, पण स्वभावाचे हसू ओळखीनंतर येते. चिमणराव अंधारात खोलीबाहेर जाण्यास कां कू करू लागला, की आपण हसतो, ते त्या कृतीला नव्हे. "हा असेच करणार, हे ठाऊकच होते" या जाणिवेला हसतो. नव्या मालिकेच्या पहिल्या भागात ही जाणीव असूच शकत नाही, कारण पात्रे आपणांस परकी असतात. शिवाय ती लेखकालाही पुरती ओळखीची झालेली नसतात. कोणता नट कोणते वाक्य खुलवितो आणि कोणती दोन पात्रे समोरासमोर आली असता रंग भरतो, हे त्याला लिहिता लिहिता कळते. तोपर्यंत तो उसन्या कोट्यांवर वेळ निभावून नेतो. म्हणून विनोदी मालिकेची सुरुवात काहीशी फिकी असणे हा पुष्कळदा तिचा दोष नसून तिचा धर्मच असतो.

ही गोष्ट केवळ मराठी विनोदापुरती नाही. अमेरिकेतील 'साइनफेल्ड' ही मालिका आज विनोदाचा मानदंड समजली जाते. तिचा नमुन्याचा भाग ५ जुलै १९८९ रोजी दाखविण्यात आला. निवडक प्रेक्षकांसमोर त्याची आधी जी चाचणी घेतली होती, तिचा अहवाल 'दुबळा' असाच होता. रिक लडविन नावाच्या एका अधिकाऱ्याला मात्र त्यात काही वेगळे दिसले, आणि दुसऱ्या प्रकारच्या कार्यक्रमांसाठी त्याच्या हाती जी रक्कम होती, तीतून त्याने आणखी चार भागांचा खर्च काढला. पहिल्या भागात इलेन हे स्त्रीपात्र नव्हते, ते त्यानंतर घालण्यात आले, आणि तीन पुरुषांच्या गप्पांना हवा होता तो विरोधी सूर मिळाला. ही मालिका पुढे १९९८ च्या मे महिन्यापर्यंत चालली.

आपल्या देशातील दाखला 'हम लोग' या हिंदी मालिकेचा. ती विनोदी नसून एका मध्यमवर्गीय कुटुंबाची कथा होती. पण सुरुवात फसून पुढे सावरण्याचे तिच्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. ती ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. मेक्सिकोतील बोधप्रधान मालिकांचा कित्ता पुढे ठेवून ती आखली होती. पहिल्या १३ भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका ठासून भरला होता, की प्रेक्षक कंटाळले व तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा लेखक मनोहर श्याम जोशी यांनी उपदेशाची मात्रा कमी केली आणि माणसांच्या सुखदुःखाला अधिक जागा दिली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी चार शब्द बोलत व त्यांच्या पत्रांचा उल्लेख करीत. दीडशेहून अधिक भाग होऊन १७ डिसेंबर १९८५ रोजी मालिका संपली, तेव्हा ती अनेक घरांत नात्यातल्यासारखी झालेली होती.

या सर्व उदाहरणांतून एक समान सूत्र निघते. सुधारणा आपोआप होत नाही. सुरुवात व सुधारणा यांच्यामध्ये तोट्याचा एक काळ असतो, आणि त्या काळाचा भार कोणीतरी उचलावा लागतो. भाव्यांसाठी तो सांगलीच्या अधिपतींनी उचलला. 'साइनफेल्ड'साठी एका अधिकाऱ्याने आपल्या खात्याची रक्कम खर्ची घातली. 'हम लोग'च्या वेळी दूरदर्शनला प्रतिस्पर्धीच नव्हता, म्हणून चुका दुरुस्त करण्यास उसंत मिळाली. सांप्रत वाहिन्या पुष्कळ आहेत, प्रेक्षकसंख्येचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला हाती येतात, आणि आकडा उतरला की मालिकेवर गदा येते. पूर्वी राजा आश्रयदाता होता. आज ते स्थान आपणां प्रेक्षकांकडे आले आहे, पण त्याबरोबर येणारी सबुरी मात्र आपण स्वीकारलेली नाही. याचा परिणाम लेखकांवर होतो. तिसऱ्याच भागात हशा मिळाला पाहिजे असे ठरले, की लेखक स्वभाव रंगविण्याच्या भानगडीत पडत नाही. तो बायकी वेष, बोबडे बोल आणि कोणाच्या तरी रूपाची टवाळी या हुकमी पत्त्यांकडे वळतो. म्हणजे आपल्या उतावळेपणाची किंमत एका मालिकेपुरती राहत नाही, सबंध मराठी विनोदाला ती मोजावी लागते.

मग प्रत्येक रटाळ मालिका आपण निमूटपणे सोसावी काय? मुळीच नाही. शाळेत पहिल्या चाचणीत नापास झालेली दोन मुले सारखी नसतात. एकाची उत्तरे चुकलेली असतात, पण त्याने स्वतः विचार केल्याचे दिसते. दुसऱ्याने शेजाऱ्याचे उतरवून घेतलेले असते, आणि तेही चुकीचे. पहिल्याविषयी शिक्षक आशा बाळगतो. मालिकेलाही हीच कसोटी लावावी. चार भाग पाहिल्यावर पात्रांची नावे पुसून संवाद वाचले, तर कोण बोलत आहे हे ओळखू येते काय? दोन स्वभावांचा खरा विरोध तीत आहे काय? चौथा भाग पहिल्यापेक्षा तसूभर तरी पुढे सरकला आहे काय? या प्रश्नांचे उत्तर होय असेल, तर दुबळेपणा केवळ अपरिचयाचा आहे, आणि तो काळाने जाईल. उत्तर नाही असे आले, तर पायाच कच्चा आहे. मग शंभर भाग झाले तरी त्यावर इमारत उभी राहावयाची नाही, आणि अशा मालिकेचा निरोप घेण्यात कोणताही अन्याय नाही.

तात्पर्य, पाय पाळण्यात दिसतात ते बाळाचे. पण बाळ चालू लागेल की नाही, हे त्याला खाली उतरू दिल्यावाचून समजत नाही. नवी मालिका आपल्या घरी आली, तर पहिल्या दिवशीच तिचा निकाल लावू नये. एक महिनाभर तिला ओसरीवर बसू द्यावे, तिचे बोलणे ऐकावे, आणि मगच तिला आत घ्यावयाचे की नाही ते ठरवावे. एवढी सबुरी आपण नव्या शेजाऱ्याला दाखवितोच. ज्यांनी आपल्याला हसविण्याचे काम पत्करले आहे, त्यांनाही ती दाखवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.