तारेवरची सुरांची घरे

गिटार आता आमच्या कुरुंद्यासारख्या गावातही येऊन पोचली आहे. ती हाती आली, की मुले पहिला प्रश्न विचारतात, "गुरुजी, हिच्यात सा कुठे नि प कुठे?" वाद्य परके, पण प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचा मोठा विचार आपल्या मराठवाड्यातच झाला आहे.

१३ व्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे, काम हिशेबाचे. याच गृहस्थाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात २२-२२ तारांच्या दोन वीणा सांगितल्या आहेत. एक अचल, दुसरी चल. चल वीणेच्या तारा थोड्या थोड्या उतरवायच्या आणि अचल वीणेशी ताडून पाहायच्या. हिशेबनीस खरा, पण माप मात्र कानाचे!

पट्टीचे माप आले १७ व्या शतकात, अहोबल पंडिताच्या 'संगीतपारिजात' ग्रंथात. मोकळी तार म्हणजे षड्ज. निम्मी वाजली, की वरचा षड्ज. तिनातले दोन भाग वाजले, की पंचम. चारातले तीन वाजले, की मध्यम.

हा हिशेब गिटारला लावून पाहू. तार ६५ सेंटिमीटर धरा. बाराव्या पडद्यावर ती निम्मी होते. पाचव्यावर मध्यम, सातव्यावर पंचम. अहोबलाच्या मापाशी पंचमाचा फरक अर्ध्या मिलिमीटरचाच. पण गांधाराकडे या. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार पाचातल्या चार भागांचा, म्हणजे ५२ सेंटिमीटरांवर. गिटारचा चौथा पडदा ५१.६ वर! सूर चढा लागतो. कोणत्याही सुराला षड्ज मानता यावे म्हणून तिथे सप्तकाच्या १२ सारख्या पायऱ्या केल्या आहेत. त्याची ही किंमत.

पेटीतही तीच अडचण. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तिच्याशी झुंज घेतली आणि १९१० साली २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक छापले.

सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला, सरकवता येतो. गिटारचा ठोकलेला. तार ओढून सूर चढवता येईल, उतरवता कसा येणार? म्हणून मी मुलांना सांगतो, पडद्यांचे आकडे जरूर पाठ करा. पण त्याआधी महिनाभर तंबोऱ्याजवळ बसून गांधार गा. मग तो चौथा पडदा किती चढा आहे, हे तुम्हीच मला सांगाल.