बाळ, बाज आणि हातभर अंतर

नव्या बाळासाठी काय काय घ्यायचं याची यादी निघाली की झबली, टोपडी, दुपटी यांवरून कुणाचं भांडण होत नाही. भांडण होतं ते एकाच प्रश्नावरून: रात्री बाळाला झोपवायचं कुठे? सध्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर हाच विषय पेटलेला आहे. भाची इंग्लंडात असते, तिला सातवा महिना लागलाय आणि तिला 'बेडसाइड कॉट' घ्यायची आहे. म्हणजे आईच्या पलंगाला चिकटून उभी राहणारी, आईकडची बाजू बुटकी असलेली छोटीशी खाट. आत्याचं म्हणणं, "एवढे पैसे कशाला घालवतेस? कुशीत घेऊन झोप की!" तिथल्या मिडवाइफबाई सांगतात, पलंगावर घेऊ नका. आणि भाचीचा सवाल, "मग आपण सगळे जगलो कसे?"

प्रश्न रास्त आहे. त्याच्या मागे लागलो तेव्हा जो इतिहास हाती आला तो इतका मोठा निघाला की गटावर अंगठ्याने टाइप करत बसण्यापेक्षा म्हटलं इथेच लिहून टाकू. मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. चहा घेऊन बसा :-)

आधी घरापासून सुरुवात करू. आपल्याकडे बाळाची जागा म्हटली की पाळणा आठवतो. बाराव्या दिवशी बारसं पाळण्यात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, पाळणा हलतो, पाळणा लांबवतात. गाण्यालाही पाळणा म्हणतात आणि मुलं सांभाळायच्या जागेला पाळणाघर. पण नीट पाहिलं तर पाळणा (आणि शेताच्या बांधावर झाडाला बांधलेली लुगड्याची झोळी) हे दिवसाचं साधन. आईचे हात कामात असतात, बाळाला झोका हवा असतो, म्हणून पाळण्याला दोरी. रात्रीची जागा वेगळी. बाळंतिणीच्या खोलीतली बाज, खाली शेगडी, ओव्याची धुरी, आणि बाळ आईच्या कुशीत. बाळंतपणानंतर बाज जायची आणि जमिनीवर सतरंजी-गोधडी यायची, पण बाळ कुशीतच. म्हणजे आत्या म्हणते ते परंपरेला धरूनच आहे.

फक्त एक गोष्ट ती विसरते. ती कूस जमिनीवरच्या टणक अंथरुणावरची होती. बाळ पडायला उंची नव्हती, रुतायला फोम नव्हता, तोंडावर यायला पिसांची जाडजूड रजाई नव्हती. आज तीच कूस आपण वीतभर मऊ गादीवर नेतो आणि म्हणतो, आमच्याकडे असंच करतात! बरं, तेव्हा सगळं आलबेल होतं असंही समजू नये. त्या काळी तान्ही मुलं इतक्या कारणांनी जात की रात्री झोपेत गेलेल्या बाळाचं कारण वेगळं कोण शोधणार? 'आपण जगलो कसे' हा प्रश्न जगलेलेच विचारू शकतात.

युरोपात मात्र हे कारण शोधण्याची खटपट फार जुनी आहे. बायबलमधली शलमोन राजाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल: एका बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन बायका, आणि बाळाचे दोन तुकडे करा म्हणणारा राजा. तलवार लक्षात राहते, पण भांडण सुरू कशावरून झालं ते आपण विसरतो. त्यांतल्या एकीचं बाळ रात्री झोपेत तिच्याच अंगाखाली दबून गेलेलं असतं. म्हणजे ही भीती किती जुनी आहे बघा.

या भीतीवरचा मला सर्वांत आवडलेला तोडगा इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. त्याचं नाव 'आर्कुचो'. सन १७३२ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात याचं चित्रासकट वर्णन छापून आलं. साधारण सव्वातीन फूट लांबीचा, कमानीचा लाकडी सांगाडा. बाळ त्याच्या आत आणि तो सांगाडा आईच्या किंवा दाईच्या पलंगावर, अगदी शेजारी. बाजूच्या फळीला स्तनासाठी खाच कापलेली, आणि पाजताना टेकायला आडवी दांडी. थंडीत वरून पांघरुणं ओढली तरी कमानीमुळे बाळाच्या तोंडावर येत नाहीत. दाईने बाळाला यातच झोपवलं पाहिजे, नाहीतर धर्मबहिष्कार, असंही त्या वर्णनात म्हटलं आहे.

शिक्षेचा भाग सोडून द्या. त्या सुताराने काय ओळखलं होतं ते पाहा. बाळ आईजवळच राहणार, रात्री चारदा पिणार आणि आई दमून झोपणार. या तिन्ही गोष्टी बदलणार नाहीत. तेव्हा बदलायची ती जागा. बेडसाइड कॉटचा पणजोबाच म्हणा ना!

यानंतर दीडशे वर्षांनी मात्र चर्चा भलत्याच दिशेला गेली. सन १८९२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचे पोलीस सर्जन चार्ल्स टेम्पलमन यांनी गुदमरून गेलेल्या २५८ तान्ह्या मुलांची नोंद प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्मे मृत्यू शनिवारी रात्री, रविवार उजाडायच्या आत झालेले! शनिवार म्हणजे पगाराचा आणि दारूचा वार. कारणांच्या यादीत आयांचं अज्ञान, बेफिकिरी आणि दारू वर होती. एका खोलीत अख्खं कुटुंब कोंबलेलं असे हेही होतं, पण लोकांच्या डोक्यात राहिली ती दारुडी आई. पुढे ब्रिटनच्या १९०८ च्या बालकायद्यात कलमच आलं: दारू पिऊन तीन वर्षांखालच्या मुलासोबत झोपलं आणि मूल गुदमरून गेलं, तर तो गुन्हा.

दारू आणि बाळ एका अंथरुणात नको हे आजही शंभर टक्के खरं. पण ज्या खोलीत दुसरा पलंगच नाही तिथल्या बाईला 'वेगळं झोपव' म्हणणं सोपं. झोपवायचं कशात? त्या काळातल्या काही शहाण्या आरोग्यसेविकांनी याचं उत्तर दिलं ते केळ्यांच्या खोक्यांनी. गोदीवर केळी उतरली की रिकामी खोकी स्वस्तात मिळत. त्यांत गादी घालून गरीब आयांना बाळाची खाट कशी करायची ते दाखवलं जाई. फिनलंडने तर १९३८ पासून सरकारी खर्चानेच बाळंतिणींना कपडे-दुपट्यांची पेटी द्यायला सुरुवात केली. आधी गरीब आयांना, आणि १९४९ पासून वेळेत दवाखान्यात नाव घालणाऱ्या प्रत्येकीला. ती रिकामी पेटी हेच कित्येक बाळांचं पहिलं अंथरूण झालं.

हळूहळू पश्चिमेत बाळ आईच्या पलंगावरून उठलं, खाटेत गेलं, आणि मध्यमवर्गात तर वेगळ्या खोलीत गेलं. आता तरी हे मृत्यू थांबायला हवे होते, नाही का? थांबले नाहीत. एकटी, आपल्या स्वच्छ खाटेत झोपलेली बाळंही सकाळी गेलेली आढळत. तिथे अंगाखाली दाबायला कोणीच नव्हतं. ब्रिटनमध्ये लोक त्याला 'कॉट डेथ' म्हणू लागले. जी खाट बाळाच्या रक्षणासाठी आणली तिचंच नाव मृत्यूला लागलं! सन १९६९ मध्ये डॉक्टरांनी त्याला 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम' असं नाव दिलं.

पुढचा भाग वाचताना मला खरोखर वाईट वाटलं. सन १९५० च्या दशकापासून डॉ. स्पॉक यांच्या जगभर खपणाऱ्या पुस्तकासकट अनेकांचा सल्ला होता की बाळाला पालथं झोपवा, म्हणजे ओकारी घशात अडकणार नाही. हेतू चांगला होता, पण सल्ला घातक निघाला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंड आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या अभ्यासांनी पालथं झोपण्याचा धोका ठळक केला. ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला 'पाठीवर झोपवा' अशी मोहीम निघाली, आणि अमेरिकेतला या मृत्यूंचा दर काही वर्षांत निम्म्यावर आला. एका वाक्याच्या सल्ल्याने!

सन २००५ मध्ये काही संशोधकांनी मागे वळून हिशेब मांडला. धोका दाखवणारा पुरावा १९७० पर्यंतच साठलेला होता. तो तेव्हाच कुणी नीट एकत्र केला असता तर ब्रिटनमध्ये १०,००० हून जास्त, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचली असती. त्या हजारो आया मात्र आपलंच काहीतरी चुकलं म्हणून जन्मभर कुढत राहिल्या असतील. त्यांनी तर जे सांगितलं तेच केलं होतं.

असो. मुद्दा अंतराचा होता. पाठीवर झोपवणं ठरलं, पण कुठे? आज अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात की किमान पहिले सहा महिने बाळ आई-बाबांच्याच खोलीत असावं, पण वेगळ्या सपाट, टणक अंथरुणावर. म्हणजे वेगळी खोलीही नको आणि मोठ्यांचा पलंगही नको. बाळ शंभर वर्षं फिरून पुन्हा आईच्या हाताशी आलं.

इंग्लंडमधल्या डरहम विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन बॉल यांनी न्यूकॅसलच्या इस्पितळात ६४ माय-लेकरांवर एक प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही बाळं आईच्या पलंगावर, काही पलंगाला जोडलेल्या खाटेत, काही वेगळ्या खाटेत. पहिल्या दोन्ही गटांत बाळं रात्री जास्त वेळा प्यायली, आणि जोडलेल्या खाटेत पलंगावरचे धोके टळले. लगेच हुरळून जायचं कारण नाही. पुढे २०११ मध्ये १,२०४ स्त्रियांवरचा मोठा प्रयोग आला. त्यात जोडलेल्या खाटेमुळे स्तनपान जास्त महिने टिकलं असं काही दिसलं नाही. खाट म्हणजे जादू नव्हे.

शेवटची गोष्ट न्यूझीलंडची, आणि याच गोष्टीसाठी खरं तर ही पोस्ट लिहिली. तिथल्या माओरी समाजात बाळांचे असे मृत्यू बरेच जास्त होते. गरोदरपणातलं धूम्रपान आणि त्यात एकत्र झोपणं ही जोडी विशेष धोक्याची. 'बाळाला सोबत झोपवू नका' हा सरकारी सल्ला त्यांच्या गळी उतरेना, कारण बाळाला दूर ठेवणं हेच त्यांना अमानुष वाटे. तेव्हा २००५ च्या सुमारास डॉ. डेव्हिड टिपेने-लीच आणि माओरी विणकर बायका यांनी मिळून 'वाहाकुरा' तयार केली. तिथल्या हराकेके नावाच्या गवतासारख्या लांब पानांची विणलेली उथळ टोपली. ती आई-बाबांच्या पलंगावरच ठेवायची आणि बाळ तिच्यात. पुढे २०१७ मध्ये २०० मातांवरचा अभ्यास आला. वाहाकुरा वेगळ्या खाटेपेक्षा जास्त धोक्याची नव्हती, आणि सहाव्या महिन्यात पूर्ण स्तनपान करणाऱ्या मातांचं प्रमाण या गटात दुप्पट होतं.

ओळखीची वाटते ना? फ्लॉरेन्सची ती कमान आणि ही टोपली यांच्यात पावणेतीनशे वर्षं आणि अर्धी पृथ्वी आहे, पण विचार एकच. बाळ कुणामुळे गेलं असं विचारलं की उत्तर नेहमी 'आई' येतं, आणि पुढची बाळं जातच राहतात. कुठे आणि कसं झोपलं होतं असं विचारलं की कधी कमान सुचते, कधी केळ्यांचं खोकं, कधी टोपली.

तर भाचीबाई, बेडसाइड कॉट हे गोऱ्यांचं नवं फॅड नाही. आत्याची कूस आणि मिडवाइफबाईंचा इशारा या दोघांचा मान राखणारी ती तडजोड आहे. निवडताना मात्र रंग आणि लेस बघू नकोस. गादी टणक आणि सपाट हवी. खाट पलंगाला पट्ट्यांनी घट्ट बांधता यावी, मध्ये बोटभरही फट नको. आईकडची बाजू पूर्ण पडणारी नको. सन २०१९ च्या युरोपीय मानकानुसार तिथे किमान १२० मिलिमीटरची कड लागते, म्हणून जुनी खाट कुणाकडून घेतलीस तर पट्टी लावून मोज. आत उशी, रजाई, मऊ खेळणी काही नको, बाळ पाठीवर. आणि ते हातापायांवर उठू लागलं की या खाटेचं काम संपलं.

पाळणाही आण, बारशाला लागेलच. फक्त तो दिवसाचा, आणि कुणीतरी जागं असताना.

आता वाचकहो, तुमच्याकडे कसं होतं? पाळणा, झोळी, बाज, की आजीच्या लुगड्याची गोधडी? आणि मुख्य म्हणजे रात्री बाळ कुठे झोपायचं? घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून जरूर लिहा. हा इतिहास अजून त्यांच्यापाशीच आहे.