यमुनेची आनंदी झाली, पण कागदावर?



आपल्या देवळाली प्रवरा भागातली मुलं शिकून पुण्या-मुंबईला गेली, तिथून काही दुबईला, काही अमेरिकेला पोचली. तिकडे लेकीला दिवस गेले की आईला फोन येतो, "आई, आता पासपोर्ट काढ." मग कपाटातली कागदांची पिशवी बाहेर निघते. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं सुमन. आणि जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. आपल्यातल्या १ जूनवाल्या बायका मोजल्या तर त्या दिवशी सगळ्या गावाला सुईणच पुरली नसेल. आमच्या एका गटातल्या मावशींची नावं जुळवता जुळवता लेक बाळंत झाली, बारसंही झालं. मावशींनी नातू फोनवरच पाहिला.

म्हणून आज बाईचं नाव आणि परदेशाचा कागद यांची जुनी गोष्ट सांगायची आहे.

डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. माहेरची ती यमुना. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. तिचं मूल दहा दिवसांत गेलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढे डॉक्टरकी शिकायला ती ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाली, नवरा बरोबर नव्हता, आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. तिला पासपोर्ट लागला नाही, व्हिसाही नाही. मग कुणी अडवलंच नाही का? अडवलं, पण इथल्याच लोकांनी. इथे शिकता येत नाही का, एकटी कशी जाणार, धर्माचं काय? या प्रश्नांना तिने निघण्याआधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, सेरामपूरच्या कॉलेजात उभं राहून इंग्रजीत उत्तरं दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं तिने सांगितलं. आजचा अधिकारीही काउंटरमागून हेच विचारतो, कशाला चाललात, कुणाकडे, परत कधी येणार. फक्त आज यमुनेला आधी राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागलं असतं.

पण त्या काळी परदेशी जाणाऱ्या सगळ्यांनाच कागद नव्हते असं समजू नका. गरिबाला होते, आणि भरपूर होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर कराराने जाऊ लागले. जास्त लोक कलकत्त्याहून गेले, पण मुंबई बंदरातून आपले मराठी लोकही गेले, त्यात रत्नागिरीकडचे पुष्कळ. बेटावर उतरलं की नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळं नोंदवहीत चढायचं आणि माणसाला एक नंबर मिळायचा. साहेबाच्या कानाला जसं ऐकू येईल तसं नाव लिहिलं जायचं. बापाचं साधं नाव पुढच्या पिढीला आडनाव म्हणून चिकटलं, ते आजही तसंच आहे. १८६७ मध्ये कायदा आला, की करार संपलेल्या मजुरानेही फोटो लावलेला पास जवळ बाळगायचा. पास घरी राहिला, फाटला, हरवला तर भटक्या म्हणून पकडायचे. घामाने भिजलेला कागद किती दिवस टिकणार, सांगा. शेवटी १८७१ मध्ये ९,४०१ जणांनी अर्ज केला, द प्लेविट्झ नावाच्या मळेवाल्याने त्यांना साथ दिली, आणि पुढच्या वर्षी चौकशीला शाही आयोग बसला.

त्याच नोंदवह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. पणजोबा कुठल्या गावचे हे शोधायला मॉरिशसचे लोक तिथे जातात. मार्च २०२४ मध्ये आपल्या सरकारने सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्डासाठी पात्र ठरवलं, तेव्हा तर त्या वह्यांना फारच मोल आलं. ज्या कागदाने पणजोबाला बांधलं होतं, त्याच्यावर पणतू माहेरी येतो.

आता लग्नाचा दाखला. हा आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित कागद. पत्रिका आहे, फोटो आहेत, सगळं गाव जेवून गेलं, मग दाखला कशाला? दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या बायकांनाही असंच वाटत असणार. मार्च १९१३ मध्ये तिथले न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करता येतात त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न तिथला कायदा मानत नाही. नवऱ्याकडे आलेल्या एका बाईला त्यामुळे देशात राहू दिलं नाही. एका निकालाने हजारो संसार कागदावर बेकायदा झाले. तेव्हा बायका सत्याग्रहात उतरल्या. सप्टेंबरमध्ये कस्तुरबांना अटक झाली, तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. आपण लग्नाची बायको आहोत एवढं म्हणायला त्या तुरुंगात गेल्या! १९१४ च्या कायद्याने ती लग्नं मान्य झाली.

आपल्याकडे पासपोर्टचा कायदा १९२० मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर आला. त्या काळच्या पासपोर्टात बायको नवऱ्याच्याच पुस्तकात बसायची, मुलांसारखी. आज तसं नाही. डिसेंबर २०१६ पासून लग्नाच्या दाखल्याची सक्ती उठली, आई किंवा वडील एकाचंच नाव चालतं, घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असंही नाही. तरी आम्ही लग्नाची नोंद करून घ्या म्हणतो, कारण पासपोर्टवर सासरचं नाव आणि बाकी कागदांवर माहेरचं असेल तर दोन्ही नावांची बाई एकच आहे हे तोच कागद सांगतो. नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत होते. आणि सुनांना सांगा, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळाच्या पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखलाच चालतो.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत. आखातात घरकामाला पाठवतो म्हणणारे एजंट फिरतात. दहावी न झालेल्या बाईला तिथे कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते, आणि तिशीच्या आतल्या बाईला ती मिळत नाही. मग एजंट म्हणतो, फिरायच्या व्हिसावर चला, तिकडे बघू. तिकडे बघायला कुणी नसतं. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, आधी पाहा.

लेकीकडे जाणाऱ्यांनी मात्र घाबरू नये. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत मराठीत देता येते. विचारलं ते खरं आणि थोडक्यात सांगायचं. लेकीचा पत्ता, फोन, परतीचं तिकीट एका कागदावर, आणि तो कागद हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत टाकला तर तपासणीच्या रांगेत तो तुमच्याजवळ नसतो, बॅग आधीच विमानात गेलेली असते.

पुढच्या मासिक बैठकीला बचतीच्या पासबुकाबरोबर आधार, शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन या. सगळ्यांची नावं शेजारी ठेवून वाचू. बदल करायला वेळ लागतो, नऊ महिने त्याला कमी पडतात.